प्रपन्न ऋणको आणि नजरगहाण : वाहनजप्तीच्या प्रश्नाची पूर्वपीठिका

सावकारी दप्तरें चाळणाऱ्यास एक गोष्ट लवकरच कळून येते. ज्या खतांचा माथा फाडलेला असतो तीं फिटलेल्या कर्जाचीं. जीं धड राहिलीं आहेत त्यांच्याविषयीं मनांत थोडा संशय धरावा. ऋण फिटलें म्हणजे लेख फाडावा, अथवा शुद्धीकरितां दुसरा लेख करून द्यावा, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे, आणि खतें फाडून परत देण्याची चाल आपल्याकडे अगदीं अलीकडपर्यंत होती. आपणां संग्राहकांस मात्र धड कागद प्रिय. फाटका कागद आपण बाजूस सारतों, व त्याबरोबर एखाद्या कुटुंबाच्या सुटकेचा पुरावाहि बाजूस सारला जातो.

खत फिटलें नाहीं तर धनको काय करी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हप्ते थकले म्हणजे कर्जाऊ घेतलेली मोटार, ट्रक किंवा ट्रॅक्टर धनकोचीं माणसें रस्त्यावरून अगर अंगणांतून घेऊन जातात, ही आजच्या काळांतली गोष्ट आहे. या पृष्ठांस ती परकी वाटेल. परंतु तिच्या बुडाशीं जो प्रश्न आहे तो फार जुना आहे : न्यायसभेंत न जातां धनकोनें स्वतःच्या हातानें वसुली करावी कीं न करावी ?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत ऋणवसुलीचे पांच उपाय आले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्यांचा अर्थ फोडून सांगितला आहे. गोडीनें व सत्य बोलून मागणें हा धर्म; साक्षी व लेख पुढें करणें हा व्यवहार; सणाउत्सवाच्या निमित्तानें अलंकार मागून आणणें व ते अडकवून ठेवणें हा छल; उपोषण करून बसणें हें आचरित; बेडी वगैरे घालणें हें बल. यांतील शेवटचे दोन उपाय वाचून आजचा वाचक दचकतो. पण खरा महत्त्वाचा शब्द याज्ञवल्क्यानें दुसरीकडेच ठेवला आहे, तो म्हणजे ‘प्रपन्न’. ऋणकोनें जें ऋण कबूल केलें आहे तें प्रपन्न; तें धनकोनें आपण होऊन वसूल केलें तर राजानें त्यास बोल लावूं नये, आणि अशा कामीं ऋणको उलट राजाकडे धांवला तर तोच दंडास पात्र. याच्या दुसऱ्या बाजूस कात्यायनाचें वचन आहे : न्याय मागणाऱ्या ऋणकोस जो धनको पीडा देईल तो त्या अर्थासच मुकेल, शिवाय तितकाच दंड देईल. म्हणजे बळाला मुभा होती, पण कबुलीच्या कुंपणाच्या आंत. वाद उत्पन्न झाला कीं हात आंवरावयाचा व व्यवहाराची वाट धरावयाची.

पेशवाईच्या अखेरीस ही व्यवस्था प्रत्यक्षांत कशी चाले, याचें वर्णन एल्फिन्स्टननें 1819 च्या आपल्या अहवालांत केलें आहे. ऋणको बरोबरीचा किंवा हलका असला तर धनको त्याला घराबाहेर पडूं देत नसे, जेवूं देत नसे, उन्हांत बसवी. तो थोर असला तर विनवणी, त्याच्या अब्रूला हात घालणें, उंबऱ्यावर आडवें पडणें, वाट अडविणें, दारांत ओरड करणें, आणि शेवटीं दारीं उपाशी बसणें. धनको उपाशी असेपर्यंत ऋणकोनेंहि जेवूं नये असा संकेत होता. तगादा व धरणें तीं हींच. विशेष हा कीं, मागणी वाजवी असेपर्यंत अशा माणसास हुसकावून लावणें लोकांस लाजिरवाणें वाटे. शिंद्यांच्या छावणींत 1809 सालीं राहिलेल्या ब्रॉटननें आपल्या पत्रांत थकलेल्या पगारासाठीं सैनिकांनीं धरलेल्या धरण्यांचें वर्णन केलें आहे. तेव्हां हा उपाय सावकाराचाच होता असें नाहीं.

सरकारचें साहाय्य घेतलें तर तें फुकट नसे. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशीवरील आपल्या निबंधांत दाखविलें आहे कीं, देण्याघेण्याच्या फिर्यादी थोड्या येत, धनको बहुधा आपलें आपणच पाहून घेत, व सरकारास मध्यें घातल्यास वसुलीचा सुमारें चौथा हिस्सा सरकारांत जाई. शिवाय थकबाकीदाराच्या दारीं मोहसल बसविला म्हणजे त्याचा ‘मसाला’ त्याच थकबाकीदाराच्या माथीं. (नव्या अभ्यासकांनीं हा मसाला स्वयंपाकघरांतला समजूं नये, ही चूक मीं छापील पुस्तकांतहि पाहिली आहे.) हल्लीं गाडी ओढून नेण्याचा खर्च व ती आवारांत ठेवल्याचें भाडें ऋणकोच्या खात्यावर चढतें, तें पाहून मसाल्याची आठवण होते.

आतां गहाणाकडे वळूं. शास्त्रांत आधीचे, म्हणजे गहाणाचे, दोन मुख्य प्रकार आहेत. नुसता जपून ठेवावयाचा तो गोप्य, व ज्याचा उपभोग घ्यावयाचा तो भोग्य. गोप्य वस्तु धनकोनें वापरली तर त्याचें व्याज बुडतें. आणि भोग्य वस्तु त्याच्या हातीं नादुरुस्त झाली तरीहि व्याज नाहीं. या दुसऱ्या प्रकाराचीं मिताक्षरेनें दिलेलीं उदाहरणें बैल आणि तांब्याची कढई हीं आहेत. बैल हेंच त्या काळचें ओढणारें व कमावणारें साधन. तें धनकोच्या गोठ्यांत जाई, आणि त्याच्या प्रकृतीची जबाबदारीहि धनकोवर जाई.

नजरगहाणाची गोष्ट निराळी. त्यांत वस्तु ऋणकोच्याच ताब्यांत राहते, धनकोची तिच्यावर नुसती नजर. जमिनीच्या बाबतींत हें सोयीचें, कारण जमीन कोठें चालून जात नाहीं. दागदागिने, भांडीं अशी जंगम वस्तु सावकार स्वतःच्या पेटींतच ठेवी. मोटारीनें ही जुनी विभागणी मोडली. ती जंगमांत जंगम, रात्रींत परमुलुखांत जाणारी; तरी तिला ऋणकोच्या हातींच ठेवावें लागतें, कारण भाडेकरी ट्रकाचा हप्ता ट्रकच कमावतो. नुसत्या नजरेवर एवढा विश्वास टाकण्याचा प्रसंग सावकारीला पूर्वीं क्वचित् आला असेल. कायद्यानें ही नजर सरकारी केली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 51 व्या कलमाप्रमाणें गाडीच्या नोंदणीपत्रावरच धनकोचा बोजा चढतो, व हप्ते थकल्यामुळें त्यानें ताबा घेतला तर नोटीस देऊन नवें नोंदणीपत्र त्याच्या नांवानें निघूं शकतें.

मध्यंतरीं इंग्रजी अमलांत दोन गोष्टी घडल्या होत्या. ऋणकोच्या देहावरील बळ हळूहळू बंद झालें. दैवी कोपाचें भय घालून धरणें धरणें हा 1860 च्या दंडसंहितेच्या 508 व्या कलमानें गुन्हा ठरला, व त्या कलमाखालीं उदाहरण म्हणून धरण्याचेंच नांव घातलें गेलें. दुसरी गोष्ट 1875 ची. त्या वर्षीं मे महिन्यांत सुप्यास दंगा झाला, आणि पुणें व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्या टापूंतील दप्तरांत त्यापूर्वींची पोकळी दिसली तर वाळवीला दोष देण्याआधीं या गोष्टीची चौकशी करावी. 1879 च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें पैशाच्या हुकुमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैद करणें बंद केलें, व स्पष्ट गहाण नसलेली त्याची स्थावर मिळकत जप्तींतून वगळली. 1908 च्या दिवाणी संहितेच्या 60 व्या कलमांत कारागिराचीं हत्यारें, शेतकऱ्याचीं अवजारें आणि पोटापुरतीं गुरें यांस जप्ती लागूं नये असें आहे. न्यायालयाच्या बेलिफास जो बैल दाव्यावरून सोडतां येत नाहीं, त्याची जागा घेतलेला ट्रॅक्टर धनकोचा माणूस न्यायालयाचें तोंड न पाहतां घेऊन जातो.

हें कसें झालें ? याचें उत्तर करारांत आहे. आरंभीं विलायतेंतील ‘हायर-पर्चेस’ म्हणजे भाडेखरेदीची पद्धत इकडे आली. तेथें 1895 च्या एका प्रसिद्ध निवाड्यांत, हप्त्यांनीं घेतलेला पियानो भाडेकऱ्यानें दुसरीकडे गहाण टाकला असतां, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी मूळ मालकाचीच असें ठरलें. मालकानें स्वतःची वस्तु परत नेली तर चोरी कसली, हा युक्तिवाद त्यांतूनच निघतो, आणि 2001 सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि करारानुसार घेतलेल्या ताब्यास फौजदारी गुन्हा मानलें नाहीं. परंतु याच न्यायालयानें 1966 सालीं केरळांतील विक्रीकराच्या खटल्यांत अशा व्यवहाराचें बाह्य रूप बाजूस सारून, गिऱ्हाइकच खरा खरेदीदार व धनको केवळ तारण घेऊन कर्ज देणारा, असा अर्थ लावला होता. कागद एक, आणि मालक प्रसंगानुसार दोन !

शास्त्राची कसोटी येथें लावून पाहावी. कर्ज घेतांनाच ऋणको बारीक अक्षरांतील कलमाखालीं सही करतो, कीं हप्ता चुकल्यास गाडी नेण्यास माझी संमति आहे. अर्थात् तो जन्मभराचा प्रपन्न झाला. पुढें हिशेबाचा वाद निघो, व्याजाचा निघो, कबुली आधींच देऊन झालेली आहे. कात्यायनानें ज्या ऋणकोस आसरा दिला तो आतां उरतच नाहीं. हें व्यंग कायदेमंडळाच्या लक्षांत आलें नव्हतें असें नाहीं. 1972 सालीं भाडेखरेदीचा कायदा संमत झाला. किमतीचा ठराविक हिस्सा फेडून झाल्यावर दाव्यावांचून वस्तु परत घेतां येऊं नये, अशी तरतूद त्यांत होती. हा कायदा कधींच अमलांत आला नाहीं, आणि 2005 सालीं तो रद्द झाला. तेहतीस वर्षें नुसता कागदावर राहिलेला असा कायदा आपल्यासारख्या कागदांच्या माणसांनींच स्मरणांत ठेवावा.

मग बळाचा प्रश्न पुन्हां न्यायालयापुढें आला. 2007 सालीं सर्वोच्च न्यायालयानें वसुलीसाठीं दांडगे लोक पाठविण्याचा स्पष्ट निषेध केला. एप्रिल 2008 मध्यें रिझर्व्ह बँकेनें सांगितलें कीं, ताब्याचें कलम कायद्यास धरून असावें, व नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची रीत आणि विक्रीपूर्वीं फेडीची शेवटची संधि हीं करारांतच नमूद असावींत. ऑगस्ट 2022 मध्यें तगाद्याचे दूरध्वनि सकाळीं 8 पूर्वीं व सायंकाळीं 7 नंतर करूं नयेत असें ठरलें. लागलीच पुढच्या महिन्यांत झारखंडांतील हजारीबाग जिल्ह्यांत, ट्रॅक्टर घेऊन जाणाऱ्या वसुलीच्या माणसांस अडवितांना शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टराखालीं सांपडून मेली. रिझर्व्ह बँकेनें त्या कर्जसंस्थेस बाहेरच्या माणसांकडून वसुली करण्यास कांहीं काळ मनाई केली. 2023 च्या मे महिन्यांत पाटणा उच्च न्यायालयानें बळानें वाहनें उचलणें हें घटनेनें दिलेल्या हक्कांवर आक्रमण असल्याचें म्हटलें.

वसुलीचें काम करणाऱ्यांची बाजूहि नोंदविली पाहिजे. त्यांच्याजवळ थकलेल्या गाड्यांच्या क्रमांकांची यादी असते; गाडी दिसल्यावर ठाण्यास आधीं खबर, ताबा घेतल्यावर पुन्हां खबर, मग गाडी आवारांत, मग लिलांव, अशी शिस्तीची रीत आहे. मोहसलाप्रमाणेंच तोहि दुसऱ्याचा निरोप्या, व दारांतील रोष त्याच्याच वांट्यास येतो.

राहतां राहिली एक विनंति. ताबा घेतांना एक यादी करण्याची पद्धत आहे : चाकें किती झिजलीं, बॅटरी आहे कीं नाहीं, स्टेपनी, हत्यारें, गाडींत सांपडलेलें सामान, आणि खालीं दोघांच्या सह्या. कित्येक याद्यांवर ऋणकोची सही नसते. ती जागा कोरी कां राहिली हें यादी सांगत नाहीं. जुन्या जप्तीच्या याद्या आपण जपल्या, त्यांतील तांब्या-पितळेवरून घरांची स्थिति ताडली. आजच्या या याद्या मात्र लिलांव होतांच फेंकल्या जातात. कोणा सभासदाच्या हातीं अशी एखादी आली, आणि विशेषतः सहीची जागा कोरी असलेली आली, तर ती नांवें झांकून कां होईना संग्रहीं ठेवावी.