फरशीचं पॉलिश आणि सैनिकांची सावली

आजची गोष्ट अंगठ्याएवढ्या सैनिकांची. टेबलावर युद्धाचे खेळ खेळायला लोक हे पुतळे स्वतः रंगवतात. पण एवढ्याशा चेहऱ्यावर ब्रशने सुरकुती काढणार कशी? म्हणून पातळ, गडद रंग अख्ख्या पुतळ्यावर फिरवायचा. तो उंचवट्यांवरून ओघळून खाचांत बसतो आणि सावली आपोआप पडते. याला म्हणतात वॉश.

ऐकायला सोपं आहे, पण रंगात नुसतं पाणी घातलं तर काम फसतं. पृष्ठताणामुळे थेंब खाचेत शिरण्याऐवजी वरच गोळा होतो. सुकताना रंगाचे कण कडेला जातात आणि कपाखाली चहाचं वर्तुळ उमटतं ना, तस्सा डाग राहतो.

हौशी लोकांना यावर उपाय कुठे सापडला? फरशी पुसण्याच्या सामानात! एस. सी. जॉन्सन कंपनीचं 'फ्यूचर' पॉलिश, ब्रिटनमध्ये 'क्लिअर'. लोक त्याला मेण समजायचे, पण आत होतं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे रंगाला धरून ठेवणारा घटकच. शिवाय ते एकसारखं पसरावं म्हणूनच बनवलेलं. साधारण एक भाग पॉलिश, चार भाग पाणी, वर शाईचे थेंब. झाला 'मॅजिक वॉश'! एकच भानगड: चिखलात लढलेला सैनिक नुकत्याच पुसलेल्या फरशीसारखा चमकायचा.

आता या 2012 मध्ये. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने आपले सिटाडेल रंग बदलले आणि 'डेव्हलन मड' हा लाडका तपकिरी वॉश बंद झाला. ज्यांची अर्धीच सेना रंगवून झाली होती, त्यांनी काय करायचं? जागी 'अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड' आला, पण हुबेहूब तोच नव्हे. मग अनेकांनी घरीच बाटल्या भरल्या: मॅट मीडियम, पाणी, पृष्ठताण कमी करणारं फ्लो इम्प्रूव्हर आणि अ‍ॅक्रिलिक शाई. मॅट मीडियममुळे चकाकीही गेली.

खरं तर यातलं मूळ सूत्र आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांच्या शाईतही आहे. काजळीचा रंग, धरून ठेवायला डिंक आणि पाणी.

करून बघणार असाल तर फाउंटन पेनची शाई मात्र नको. मी ती चूक केलीये. ती सुकली तरी पाण्यात पुन्हा विरघळते. वरून वार्निशचा ब्रश फिरवला आणि माझा अख्खा घोडेस्वार निळा झाला, घोड्यासकट.