बोधकथेतील लांडगा

मुलांस शहाणे कसे करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढी जणू आपणच प्रथम विचारीत आहोत अशा थाटाने विचारते. मराठीपुरते बोलावयाचे, तर त्याची दोन अगदी भिन्न उत्तरे एकाच वर्षी, एकाच शहरात आणि एकाच गृहस्थाच्या लेखणीतून बाहेर पडली. वर्ष 1828, शहर मुंबई आणि गृहस्थ सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे.

1822 मध्ये, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, येथे देशी शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. छत्रे हे तिचे नेटिव्ह सेक्रेटरी. मुलांच्या हाती द्यावे असे छापील मराठी गद्य तेव्हा जवळजवळ नव्हतेच. ती उणीव भरून काढण्यासाठी छत्र्यांनी त्या एका वर्षात ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ अशी दोन पुस्तके दिली. पहिल्याचे मूळ बर्क्विन नामक फ्रेंच ग्रंथकाराचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेले ते पुस्तक इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आले. दुसऱ्याचे मूळ प्राचीन ग्रीसमधले.

या दोहोंतील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. बर्क्विनच्या जगात मूल चुकते, वडील माणसे त्यास शांतपणे समजावितात, त्यास पश्चात्ताप होतो आणि सर्व गोड होते. इसापाच्या जगात समजावावयास कोणी येत नाही. तेथे लांडगा येतो. गंमत म्हणून खोटी आरोळी ठोकणाऱ्या पोराची मेंढरे तो खाऊन टाकतो आणि गोष्ट तेथेच संपते.

आता निकाल पाहावा. ‘बाळमित्र’ आज वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे कोणास ठाऊक नाही. ‘इसापनीती’ हा शब्द मात्र घरोघर नांदतो, आणि ‘लांडगा आला रे आला’ हा तर वाक्प्रचारच होऊन बसला आहे. असे का व्हावे? इसापाची गोष्ट आटोपशीर आहे आणि तीत प्राणी बोलतात, हे खरेच. परंतु आमच्या मते मुख्य कारण असे की, बर्क्विनचे मूल वडिलांच्या मर्जीस भिऊन सुधारते, तर मेंढपाळाच्या पोराचे फळ त्याच्याच कृत्यातून उगवते. ऐकणाऱ्या मुलास त्यातील न्याय आपला आपण पडताळून पाहता येतो.

ही समज आपणांस परकी नव्हतीच. पंचतंत्र हे अमरशक्ती राजाच्या तीन मूढ पुत्रांस शहाणे करण्यासाठी सांगितले गेले, आणि त्याच्या आरंभीच पाचर उपटणारे वानर आहे. अर्धवट चिरलेल्या लाकडाच्या फटीत अंग अडकलेले असताना ते पाचर ओढून काढते आणि चिरडून मरते. प्रसंग भयंकर आहे, तरीही ऐकणारा हसतो. कारण वानराखेरीज साऱ्यांस पुढचे दिसत असते.

युरोपातही हे नव्याने शोधावे लागले. फ्रांकफुर्टचा डॉक्टर हाइनरिख हॉफमान 1844 च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक आणावयास गेला. दुकानांतली उपदेशपर पुस्तके पाहून कंटाळला आणि एक कोरी वही घेऊन आला. तीतून 1845 मध्ये ‘श्ट्रुवेलपेटर’ जन्मास आले. त्यात काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि तिच्या मांजरी रडत बसतात. 1907 मध्ये हिलेअर बेलॉक याने इंग्रजीत या प्रकाराची थट्टाही केली आणि त्यास वैभवही आणले. त्याची मटिल्डा आगीची खोटी वर्दी देते. पुढे खरी आग लागते तेव्हा तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. ही मुलगी म्हणजे लंडनात राहावयास गेलेला आपला मेंढपाळच होय.

तथापि प्रत्येक भयंकर गोष्ट बोधप्रद असते असे आमचे म्हणणे नाही. हॉफमानच्याच पुस्तकात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी येऊन कात्रीने छाटतो. आगीशी खेळल्यास भाजते, हे जगात घडते. अंगठा चोखल्याने शिंपी येत नाही. हा आपला बागुलबुवाच झाला, केवळ जर्मन पोशाखातला. त्याने मूल निमूटपणे निजेल. शहाणे होणार नाही.

अलीकडे सुशिक्षित घरांतून या गोष्टी सौम्य करून सांगण्याची रीत दिसते. लांडगा मेंढरांस न खाता निघून जातो, मुलगा क्षमा मागतो. हेतू वात्सल्याचा आहे, परंतु परिणाम असा की छत्र्यांच्या दोन पुस्तकांपैकी काळाने टाकून दिलेले पुस्तक आपण पुन्हा लिहीत बसतो. लांडग्याने काहीच न्यावयाचे नसेल, तर खोटे बोलण्यात बिघडले काय, असे मुलाने विचारल्यास आपणांपाशी उत्तर उरत नाही.

मुलांस भय मुळीच नको असते, ही समजूतही तपासून पाहावी. रत्नाकर मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ हे जुने बालनाट्य 2018 मध्ये पुन्हा रंगभूमीवर आले. त्यातील चेटकिणीस पाहून खुर्चीत अंग चोरणारी आणि त्याच क्षणी खदखदून हसणारी मुले दादरच्या नाट्यगृहात ज्यांनी पाहिली असतील, त्यांस अधिक सांगणे नलगे. घरातल्या गोष्टीतही लांडग्यास त्याचे काम करू द्यावे. मूल दचकेल, हसेल आणि बहुधा तीच गोष्ट पुन्हा सांगावयास लावील.