आड, महजर आणि अप्पा

आमच्या गल्लीत एक आड होता. जुन्या चिरेबंदी बांधणीचा, वर लाकडी रहाट. 1988 साली आम्ही तो बुजवला. 'आम्ही' म्हणजे गल्लीची कमिटी, आणि त्या कमिटीचा चिटणीस मीच होतो. घरोघरी नळ आले होते, आडात कचरा पडायचा, लहान मुलांची भीती वाटायची. ठराव मांडला तेव्हा मागे बसलेले एक अप्पा उठले. साखर पेठेत हातमागावर उभा जन्म काढलेला, मराठी बोलताना मध्येच तेलुगूत शिरणारा म्हातारा माणूस. ते म्हणाले, "मास्तर, बहात्तरच्या दुष्काळात ह्यानंच जगवलंय. झाकण बसवा, बुजवू नका."

मी हसून म्हणालो, "अप्पा, आता दुष्काळ गेला, नळ आले." सगळे हसले. अप्पा खाली बसले. ठराव एकमताने मंजूर, असे मी इतिवृत्तात लिहिले. अप्पांचे बोलणे मात्र लिहिले नाही.

नंतरच्या काळात सोलापुरात नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येऊ लागले, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पिंपे भरून ठेवताना मला तो आड आठवतो आणि इतिवृत्तातली ती न लिहिलेली ओळही आठवते.

आता मी अप्पांच्या वयाचा झालो आहे. म्हणून हा विषय.

आपण म्हातारी माणसे नेहमी म्हणतो, पूर्वी वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय गावात पान हलत नसे. हे कितपत खरे? थोडे खरे आहे. मराठेशाहीत गावचा तंटा गोतसभेपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बारा बलुतेदार जमत. दोन्ही बाजूंच्या तकरिरी होत, साक्षी होत आणि शेवटी निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, तयार होई. हजर असलेल्यांची नावे त्यावर येत. लिहिता न येणाऱ्याची निशाणी असे. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा. वतनाचा किंवा शिवेचा वाद असला की जुन्या माणसांची साक्ष मोलाची, कारण कागद थोडे आणि आठवण हाच दप्तरखाना! वर्गात हा भाग शिकवताना मला फार आनंद होत असे.

पण तोच महजर नीट वाचला तर दुसरी गोष्टही दिसते. सभेतली जागा वयाने मिळत नसे, वतनाने मिळत असे. तरुण पाटील पुढे बसे आणि सत्तर वर्षांचा कुणबी मागे. गावची शीव कुठून जाते हे महाराला सर्वांत चांगले ठाऊक असे. शिवेच्या तंट्यात त्याचा शब्द प्रमाण मानत, पण त्याला बसवत मात्र दूरच. बायकांची नावे तर अपवादानेच. म्हणजे ज्याचे ज्ञान हवे त्याला मान द्यायचाच, असा काही नियम तेव्हाही नव्हता.

मे 1818 मध्ये मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात पंचायतीची पद्धत तपशिलाने लिहिली. तिच्यात दोष असले तरी ती चालू ठेवावी असे त्याचे मत होते. पण पुढे कोर्टे आली, छापील कायदे आले आणि आठवणीची जागा कागदाने घेतली. सोलापूरची नगरपालिका 1852 ची. सुरुवातीचे सभासद सरकारने नेमलेले. 1882 मध्ये लॉर्ड रिपनच्या ठरावाने निवडणुकीचे वारे आले, पण मत कर भरणाऱ्यांना. 1877 साली जुनी मिल सुरू झाली. तिथे राबणाऱ्या, खोलीत भाड्याने राहणाऱ्या माणसाला, मग तो विशीतला असो की साठीतला, कोण विचारणार?

6 एप्रिल 1930 ला आपल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. पुढच्याच महिन्यात मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फाशी गेले. प्रत्येकाला मत मिळाले ते त्यानंतर, स्वराज्य आल्यावर. तेव्हा 'पूर्वीचे ते बरे होते' असे म्हणताना जीभ जरा आवरावी.

1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा मिळाल्या, ते योग्यच झाले. खेड्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा आपल्या महाराष्ट्रात नियम आहे, कारण भरसभेत त्या बोलत नाहीत हे कायद्यालाही कळले. केरळात ज्येष्ठांची वेगळी ग्रामसभा भरवतात. 2011 च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात दहा कोटींवर होती. 2007 चा कायदा आमच्या पोटगीची सोय पाहतो. पण औषध, पेन्शन, प्रवासातली सवलत याच्या पलीकडेही आम्हाला काही सांगायचे असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे काही वर्षे प्रशासकांनीच कारभार पाहिला. तेव्हा तर दाराशी उभे राहून ऐकून घेणारा नगरसेवकही उरला नव्हता.

मध्यंतरी गल्लीतला रस्ता नव्याने झाला. जुन्यावरच नवा थर. उंबरे खाली गेले आणि रस्ता वर. पाणी कुठून वाहते ते आम्हा चार-पाच जणांना पाठ आहे. सांगायला गेलो तर कामावरचा पोरगा म्हणाला, "काका, बाजूला सरका, लागेल." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. मीही अप्पांना बाजूलाच सारले होते, फक्त हसून.

पहिल्या पावसात पाणी घरात आले. मग आम्ही ज्येष्ठ मंडळी मंदिराच्या ओसरीवर जमलो आणि एक अर्ज लिहिला. मी त्याला मनातल्या मनात महजर म्हणतो. मागणी तीनच: कामाआधी गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारावे. बैठक सकाळी आणि तळमजल्यावर घ्यावी, आम्हाला जिने चढवत नाहीत. आणि आमचे म्हणणे मान्य नसेल तर का नाही, ते लेखी कळवावे.

सह्या घेत होतो. आयुष्यभर विड्या वळलेल्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. अंगठा देण्याआधी म्हणाल्या, "मास्तर, तुमचा आड बुजवला तवा आम्हा बायांना विचारलं हुतं का? पाणी तर आम्हीच शेंदत हुतो."

माझ्याकडे उत्तर नव्हते. अप्पा निदान सभेत होते तरी. या तर सभेबाहेर, रहाटापाशी उभ्या होत्या.

आजींनी अंगठा दिला. अर्जाच्या शेवटी मी आणखी एक ओळ घातली, की विचारायला येताना घरातल्या बायकांनाही विचारावे. अर्ज देऊन पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेले नाही. दर सोमवारी जाऊन विचारतो. निवृत्त मास्तरला वेळ भरपूर असतो, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.