पडदा आणि लेखणी

मुंबईच्या मैदानापासून दूर, हिंगोलीसारख्या गावीं राहणाऱ्या क्रिकेटरसिकाला पूर्वीं दोनच आधार असत : आकाशवाणीवरील बाळ पंडितांचें धावतें वर्णन आणि मागाहून येणारें वृत्तपत्र. १९६२ सालीं निघालेल्या 'महाराष्ट्र टाइम्स'मध्यें वि. वि. करमरकरांनीं खेळाला मानाचें पान मिळवून दिलें. पुढें दूरचित्रवाणी आली. २५ जून १९८३ रोजीं लॉर्ड्सवर भारतानें वेस्ट इंडीजला ४३ धावांनीं नमविलें, तें अनेकांनीं घरीं बसून पाहिलें. मग दुसऱ्या दिवशीं लेखकानें सांगावयाचें तरी काय?

या प्रश्नाचें एक उत्तर द्वारकानाथ संझगिरींच्या लेखनांत मिळतें. शिक्षणानें ते स्थापत्य अभियंता, चाकरी मुंबई महानगरपालिकेंत. जीव मात्र मैदानांत. पडद्यावर धावा दिसतात, खेळाडूच्या मनांतील घालमेल दिसत नाहीं; संझगिरींची लेखणी तिकडे वळली. 'एकच षटकार' पाक्षिकांत आणि पुढें वृत्तपत्रांतून त्यांनीं क्रिकेट लिहिलें, तें गप्पांच्या ओघांत. फलंदाजाच्या शेजारीं सिनेनटही सहज येऊन बसे. ज्या पडद्यानें लेखणीला आव्हान दिलें, त्यालाच त्यांनीं जोडीदार केलें : रंगमंचावर चित्रफिती दाखवीत ते क्रिकेटच्या व चित्रपटसंगीताच्या कथा सांगत. ६ फेब्रुवारी २०२५ रोजीं ते निवर्तले. सामना पाहून झाल्यावरही त्याविषयीं वाचण्याची ओढ मराठी घरांत टिकली, तिच्यांत त्यांचा वांटा मोठा आहे.