पल्ला की ताबा? गोल्फच्या चेंडूची दोनशे वर्षे

१/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज. गावातील सर्वांत नामांकित चेंडूकार मैदानावर हरवलेले चेंडू शोधून आणणाऱ्या पोरांना पैसे देतो आणि आणलेले चेंडू विस्तवात टाकतो. त्याचे नाव ॲलन रॉबर्टसन. जळणारे चेंडू त्याने घडवलेले नव्हते. ते त्याचा पिढीजात धंदा बुडवायला निघालेले होते.

२/
ही हकिकत त्या काळच्या जुन्या खेळाडूंच्या आठवणींतून आपल्यापर्यंत पोचली आहे. रॉबर्टसनचा राग समजून घ्यायचा तर गोल्फच्या चेंडूपुढील एक जुने कोडे आधी समजून घ्यावे लागते. चेंडू दूर गेला पाहिजे आणि हवा तिथे थांबलाही पाहिजे. म्हणजे पल्लाही हवा आणि ताबाही. गेल्या दोनशे वर्षांत जो चेंडू एक देई, तो बहुधा दुसरे काढून घेई. #थ्रेड

३/
रॉबर्टसनचा चेंडू पिसांचा होता. ओल्या चामड्याचे तुकडे शिवून लहानशी पिशवी करायची आणि तिच्या बारीक छिद्रातून उकळलेली पिसे लोखंडी दांड्याने ठासून भरायची. एका चेंडूत उंच टोपीभर पिसे जात, असे सांगण्याची रीत आहे. वाळताना चामडे आकसे आणि पिसे फुगत. या दोन विरुद्ध ताणांतून चेंडू दगडासारखा टणक होई.

४/
निष्णात कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीन-चार चेंडू होत. पिसांची धूळ श्वासावाटे छातीत जाई. किंमत साधारण अडीच शिलिंग किंवा त्याहून अधिक, आणि पावसात भिजला की शिवण उसवे. तरीही तो उडण्यात कमी नव्हता. १८३६ मध्ये सॅम्युएल मेस्यू या खेळाडूने सेंट अँड्र्यूजला पिसांचा चेंडू ३६१ यार्ड, म्हणजे सुमारे ३३० मीटर, पाठवल्याची नोंद आहे.

५/
१८२९ मध्ये कलकत्त्यात गोल्फ क्लब स्थापन झाला. ब्रिटनबाहेरील तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. त्या काळी चेंडू म्हणजे पिसांचाच. बंगालच्या पावसाळ्यात चामड्याच्या या चेंडूची काय गत होत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. एवढा महाग आणि नाजूक चेंडू परवडणारा वर्गही अर्थातच लहान होता.

६/
मग आला गटापर्चा. मलाया, सिंगापूर आणि बोर्निओच्या अरण्यांतील एका वृक्षाचा हा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, हवा तसा वळतो आणि थंड झाला की कडक होतो. दाताच्या रूट कॅनॉल उपचारात पोकळी भरण्यासाठी आजही तो वापरतात. मलायी लोक त्यापासून हत्यारांच्या मुठी करत, हे सिंगापुरातील कंपनी सरकारचा शल्यवैद्य विल्यम माँटगोमेरी याने हेरले. १८४३ मध्ये त्याचे नमुने लंडनला पोचले.

७/
इथे एक लोकप्रिय दंतकथा येते. पूर्वेकडून एक विष्णुमूर्ती सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन कुटुंबाकडे आली, तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते आणि ते वितळवून रॉबर्ट पॅटर्सनने पहिला चेंडू केला, अशी ती कथा. तिला भक्कम समकालीन पुरावा नाही, त्यामुळे ती कथा म्हणूनच वाचावी. निश्चित एवढेच की १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे चेंडू मैदानावर दिसू लागले.

८/
नवा चेंडू पाण्याला दाद देत नसे. किंमत शिलिंगच्या आसपास. चेपला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा गोल करता येई. साच्याने चेंडू पाडायला पिसे ठासण्याचे कसब लागत नव्हते, आणि रॉबर्टसनची सारी मिळकत त्याच कसबावर उभी होती.

९/
रॉबर्टसनच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण कारागीर होता. एके दिवशी खेळताना मॉरिसचे चेंडू संपले आणि सोबत्याने उसना दिलेला गटापर्चाचा चेंडू घेऊन तो परतू लागला. रॉबर्टसनने ते पाहिले. शब्दाने शब्द वाढला आणि मॉरिसने दुकान सोडले. १८५१ मध्ये तो प्रेस्टविकला गेला. पुढे १८६१ ते १८६७ या काळात त्याने ओपन स्पर्धा चार वेळा जिंकली.

१०/
रॉबर्टसनलाही अखेर काळाची दिशा ओळखावी लागली. त्याने पिसे सोडून गटापर्चा हाती घेतला. १८५८ मध्ये त्याने सेंट अँड्र्यूजची फेरी ७९ फटक्यांत पूर्ण केली. त्या मैदानावर ८० च्या आतली ही पहिली फेरी मानली जाते. पुढच्याच वर्षी काविळीने त्याचे निधन झाले. जो चेंडू त्याने जाळला, त्याच जातीच्या चेंडूने त्याचा विक्रम घडवला होता.

११/
गटापर्चाच्या चेंडूत मात्र एक विचित्र खोड होती. नवा, गुळगुळीत चेंडू हवेत मध्येच मान टाकी. तोच चेंडू लोखंडी क्लबचे घाव खाऊन खडबडीत झाला की सरळ आणि दूर जाई. कारागीर मग नव्या चेंडूलाच हातोडीने खाचा पाडू लागले. असे का होते, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

१२/
कोड्याचा एक भाग एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी सोडवला. चेंडूची फिरकी हा फटक्यातील दोषच, असा तोवरचा समज होता. टेट यांनी १८९० च्या दशकातील निबंधांत दाखवले की उलटी फिरकी चेंडूला उचलून धरते. चेंडूचा माथा मागे, खेळाडूच्या दिशेने फिरत असेल तर त्यावर वर उचलणारे बल लागते आणि तो अधिक काळ हवेत राहतो.

१३/
प्राध्यापकांचा मुलगा फ्रेडी टेट हाच त्यांचा उत्तम प्रयोग होता. १८९३ मध्ये त्याने चेंडू हवेतूनच सुमारे २५० यार्ड नेला. फिरकी वगळून मांडलेल्या गणितात हा आकडा बसतच नव्हता. फ्रेडीने १८९६ आणि १८९८ मध्ये हौशी खेळाडूंचे ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. १९०० मध्ये बोअर युद्धात तो मारला गेला. पुढच्याच वर्षी वडिलांचेही निधन झाले.

१४/
दुसरा भाग होता खडबडीतपणाचा. गुळगुळीत चेंडूला लागून वाहणारी हवा लवकर सुटते आणि मागे मोठी पोकळी होते. ती पोकळी चेंडूला मागे खेचते. पृष्ठभागावर खळगे असले की हवेचा पातळ थर घुसळला जाऊन चेंडूला अधिक वेळ बिलगून राहतो, आणि विरोध घटतो. १९०५ मध्ये लेस्टरचे अभियंते विल्यम टेलर यांनी गोल खळ्यांच्या रचनेचे पेटंट मागितले. आजच्या चेंडूवरच्या तीनशे-चारशे खळ्या त्यांच्याच वंशातल्या.

१५/
दरम्यान अमेरिकेत चेंडूचे अंतरंग बदलले होते. कोबर्न हॅस्केल यांनी अ‍ॅक्रनच्या गुडरिच रबर कारखान्यातील बर्ट्राम वर्क यांच्या साथीने ताणलेला रबरी दोरा गाभ्याभोवती गुंडाळला आणि वर गटापर्चाचे कवच चढवले. पेटंट १८९९ चे. चेंडू लांब जाई, पण ग्रीनवर उड्या मारत पळे. टवाळखोरांनी त्याला ‘बाउंडिंग बिली’ म्हटले. पल्ला वाढला होता आणि ताबा सुटला होता.

१६/
निकाल १९०२ च्या ओपन स्पर्धेत, हॉयलेकला लागला. सँडी हर्डने ऐनवेळी हॅस्केलचा चेंडू घेतला आणि हॅरी वॉर्डन व जेम्स ब्रेड या दिग्गजांना एका फटक्याने मागे टाकले. तो चारही फेऱ्या एकाच चेंडूने खेळला, असे सांगतात. याच वॉर्डनने दोन वर्षांपूर्वी गटापर्चाच्या ‘वॉर्डन फ्लायर’ची जाहिरात करत अमेरिका पालथी घातली होती.

१७/
गटापर्चाचा खरा हिशेब मात्र मैदानाबाहेर मांडावा लागतो. चीक मिळवण्यासाठी वृक्ष तोडावाच लागे, आणि एका वृक्षातून मिळणारा चीक फार थोडा. सर्वांत मोठी भूक गोल्फची नव्हती, ती समुद्री तारायंत्राची होती. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे सुएझशी जोडणाऱ्या तारेवरही याच चिकाचे वेष्टन होते. मुंबईची तार आणि स्कॉटलंडचा चेंडू, दोन्हींसाठी आग्नेय आशियातील तेच वृक्ष कोसळत होते.

१८/
विसाव्या शतकात संघर्ष नव्या रूपात परतला. १९६० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीचे सर्लिन हे चिवट प्लास्टिक आले. १९७० च्या दशकात स्पाल्डिंगने रबराचा भरीव गाभा आणि सर्लिनचे कवच असा दोन थरांचा चेंडू बाजारात आणला. तो दूर जाई, वर्षभर टिके, पण ग्रीनवर थांबत नसे. व्यावसायिक खेळाडू दोरा गुंडाळलेल्या, मऊ बलाटा कवचाच्या चेंडूलाच चिकटून राहिले. त्याला भरपूर फिरकी मिळे, पण एका चुकीच्या फटक्याने कवच चिरे.

१९/
दोष असा की मऊ चेंडू सर्वच फटक्यांत जास्त फिरे आणि कडक चेंडू सर्वच फटक्यांत कमी. खेळाडूला हवे होते नेमके उलटे. ड्रायव्हरच्या लांब फटक्यात फिरकी मोजकी हवी, कारण ती अति झाली तर चेंडू आकाशात चढतो आणि पल्ला गमावतो. वेजच्या आखूड फटक्यात ती भरपूर हवी, म्हणजे चेंडू पडल्याजागी जमीन धरतो. आजचे आकडे ढोबळमानाने मिनिटाला अडीच हजार आणि नऊ हजार फेरे असे आहेत.

२०/
उत्तर थरांत सापडले. मोठा, लवचीक रबरी गाभा, त्यावर कडक पातळ थर आणि सर्वांत बाहेर मऊ युरेथेनचे कवच. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श अर्ध्या मिलिसेकंदाचा. ड्रायव्हरच्या जोरदार तडाख्यात गाभा दबतो आणि वेग परत करतो. वेजच्या तिरप्या फटक्यात मऊ कवच क्लबवरील खाचा व आतला कडक थर यांच्या चिमटीत सापडते आणि चेंडू गरगर फिरतो. गाभ्याने पल्ला सांभाळला, कवचाने ताबा.

२१/
२००० साली हे सर्वांना दिसले. मे महिन्यात टायगर वुड्सने भरीव गाभ्याचा युरेथेन चेंडू घेतला. जूनमध्ये यू.एस. ओपन त्याने १५ फटक्यांच्या आघाडीने जिंकली, जुलैमध्ये सेंट अँड्र्यूजची ओपन ८ फटक्यांनी. ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही१ उतरला आणि एकाच आठवड्यात ४७ व्यावसायिकांनी तो स्वीकारला. दोरा गुंडाळलेला चेंडू बघता बघता वस्तुसंग्रहालयात जमा झाला.

२२/
आज दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले महागडे चेंडू याच कल्पनेची भावंडे आहेत. प्रो व्ही१ तीन थरांचा, प्रो व्ही१एक्स चार थरांचा, टेलरमेडचा टीपी५ पाच थरांचा. एकाच खेळाडूच्या ड्रायव्हरखाली त्यांच्या पल्ल्यातील फरक थोडा असतो. ठळक फरक ग्रीनजवळ दिसतो, आणि तोही युरेथेनचा चेंडू सर्लिनच्या स्वस्त चेंडूशेजारी ठेवल्यावर. चेंडू निवडताना म्हणूनच ग्रीनजवळच्या फटक्यापासून सुरुवात करण्यात शहाणपण आहे.

२३/
कोडे सुटले आणि नवाच पेच उभा राहिला. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील सरासरी पल्ला १९८० मध्ये सुमारे २५७ यार्ड होता, २०२३ मध्ये तो ३०० च्या घरात पोचला. त्यात नवे क्लब आणि कसलेल्या शरीरांचाही वाटा आहे. मैदाने मात्र ताणावी लागली. ऑगस्टा नॅशनल २००१ मध्ये ६,९८५ यार्ड होते, २००२ मध्ये ७,२७० आणि २०२४ मध्ये ७,५५५. लांब मैदान म्हणजे अधिक जमीन, अधिक पाणी आणि अधिक खर्च.

२४/
चेंडूला कायद्याने वेसण घालण्याची रीत जुनीच आहे. १९२१ पासून वजन आणि व्यासावर मर्यादा आली, १९७६ मध्ये अमेरिकेत एकूण पल्ल्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी पुढचे पाऊल टाकले. ३१७ यार्डांची मर्यादा तीच ठेवून चाचणीतील क्लबचा वेग ताशी १२० वरून १२५ मैल करण्याचे त्यांनी जाहीर केले. अधिक जोराच्या फटक्यातही चेंडूने तीच रेषा ओलांडू नये, असा त्याचा अर्थ.

२५/
चेंडू बनवणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला, अनेक खेळाडूंनीही. त्यामागे धंद्याची काळजी आहे, तशी खेळाविषयीची खरी मतेही आहेत. रॉबर्टसनच्या रागातही दोन्ही मिसळलेले होते. फरक एवढाच की तो एकटा कारागीर विस्तवासमोर बसून पुढे निघालेला चेंडू अडवू पाहत होता, आणि आज तेच काम नियमपुस्तक करू पाहत आहे.

२६/
सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानाला एका बाजूने गाव आहे, दुसऱ्या बाजूला समुद्र. २०२२ च्या ओपनसाठी त्याची लांबी ७,३१३ यार्ड होती. ती गाठण्यासाठी पहिला फटका मारण्याच्या काही जागा मूळ हद्दीबाहेर सरकवाव्या लागल्या. पिसांचा, चिकाचा, दोऱ्याचा आणि थरांचा असा प्रत्येक चेंडू या मैदानाने पाहिला. आता मागे सरकायला तिथे फारशी जागा उरलेली नाही.