जर्मनीतील तुर्की मुसलमान

जर्मनीतील मुस्लिम समाजाचा सर्वांत मोठा घटक. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला आणि तुर्की कामगार खाणींत, मोटार कारखान्यांत रुजू झाले. त्यांना ‘गास्टआर्बायटर’ म्हणजे ‘पाहुणे कामगार’ म्हणत. दोन वर्षांनी त्यांना परत पाठवायचे, अशी मूळ अट होती. पण कामात तरबेज झालेली माणसे सोडायला कारखानदारच राजी नव्हते. १९६४ मध्ये अट गळाली. १९७३ मध्ये भरती थांबली, तेव्हा अनेकांनी परत जाण्याऐवजी बायकामुलांनाच बोलावून घेतले. पाहुणे घरचे झाले ते असे. यजमानांना ते उमगायला मात्र फार वर्षे लागली.

पहिली पिढी ‘तुर्क’ म्हणूनच ओळखली जाई. ‘मुसलमान’ ही ओळख सार्वजनिक चर्चेत ठळक झाली ती बरीच नंतर. त्यातही सगळे सुन्नी नाहीत, अलेवी पंथीयांची संख्या लक्षणीय आहे. २००० पासून परदेशी पालकांच्या जर्मनीत जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. २०१८ मध्ये तुर्की वंशाच्या फुटबॉलपटू मेसुत ओझिलने वर्णद्वेषाचा आरोप करून जर्मनीचा राष्ट्रीय संघ सोडला. दुहेरी नागरिकत्वाची सर्वसाधारण मुभा जून २०२४ मध्ये मिळाली.