खराटा आणि कीर्तन

समूहाची कला आणि परिसराची निगा यांची सांगड घालण्याचे प्रयत्न गेल्या अर्धशतकांत जगांतील मोठमोठ्या शहरांत झाले. न्यूयॉर्क शहराच्या सफाई खात्यांत मिर्ले लेडरमन युकेलेस या कलावतीनें १९७७ सालापासून बिनपगारी कलाकार म्हणून काम केलें. १९७९-८० सालीं तिनें तेथील सुमारें ८,५०० सफाई कामगारांची एकेक करून भेट घेतली, प्रत्येकाशीं हस्तांदोलन केलें आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले. जर्मनींतील कासेल शहरांत योसेफ बॉइस या शिल्पकारानें १९८२ सालीं सात हजार ओक वृक्ष लावण्याचें काम हातीं घेतलें व तीच आपली शिल्पकृति मानली. त्याच्या मृत्यूनंतर, १९८७ सालीं, शेवटचें झाड लागलें. कलेच्या इतिहासांत हे प्रयोग नवे म्हणून नोंदले गेले आहेत, आणि त्या इतिहासापुरतें तें खरेंही आहे. परंतु वऱ्हाडांतील माणसाला ही वार्ता ऐकून आश्चर्यापेक्षां ओळखच अधिक वाटेल.

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेर हें तालुक्याचें ठिकाण लागतें. गांव म्हणावें तर तेथें नगरपरिषद आहे, आणि शहर म्हणावें तर शिवाराची काळी माती अजून त्याच्या पायाला लागलेली आहे. अशा गांवांच्या वाट्याला चित्रशाळा किंवा कलाभवन क्वचितच येतें. म्हणून तेथें समूहाची कला नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. ती कला पोळ्याच्या तोरणाखालीं झडत्यांच्या रूपानें गर्जते, भजनांत आणि कीर्तनांत रंगते. आणि तिच्यांतील एका धाग्याचा संबंध थेट गांवच्या उकिरड्याशीं, गटाराशीं व पाणवठ्याशीं पोंचतो. त्या धाग्याचा मागोवा घेतला म्हणजे एक प्रश्न वारंवार पुढें येतो. घाण बाहेर काढावी असें सर्वांनाच वाटतें. पण ती काढावयाची कोणीं?

या प्रश्नाचें सर्वांत जुनें उत्तर मारबतींत सांपडतें. श्रावणांतील अमावास्येला पोळा भरतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांतील गांवोगांवीं मारबत शिवेबाहेर काढतात. दाराशीं लावलेले पळसाचे डगाळे उचलले जातात आणि मुलेंबाळें ओरडत ओरडत ते गांवाबाहेर नेऊन टाकतात. त्या आरोळीचा अर्थ इतकाच, कीं इडापिडा, खोकला, ढेकूण आणि डांस हें सगळें घेऊन, हे मारबते, तूं येथून चालती हो. पावसाळ्याच्या ऐन मध्यावर, साथीच्या दिवसांत, ही आरोळी उठते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

नागपूर शहरांत याच लोकाचाराला भव्य रूप आलें. तेथील काळी मारबत १८८१ सालापासून आणि पिवळी मारबत १८८५ सालापासून निघत आली आहे. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांचे ते प्रचंड पुतळे मिरवत नेतात व शेवटीं त्यांचें दहन करतात. त्यांच्याबरोबर बडगे असतात. बडग्या म्हणजे त्या त्या सालच्या सार्वजनिक दोषाचा पुतळा. महागाई, लांचलुचपत, नगरांतील गैरसोय, ज्याचा जनतेला वीट आला असेल त्याला त्या दिवशीं पुतळ्याचें रूप मिळतें. शहरानें स्वतःच्या व्याधींचीं चित्रें स्वतःच करावीं आणि रस्त्यांतून मिरवावीं, यापेक्षां अधिक सामुदायिक कला ती कोणती! तथापि या उपायाला एक मर्यादा आहे. पुतळा जळतो, पण ज्या डबक्यांत डांस झाला तें डबकें जागच्या जागीं राहतें. मारबत घाणीला निरोप देते. खोरें कोणाच्या हातीं देत नाहीं.

दुसरें उत्तर सरकारनें देऊन पाहिलें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची साथ उद्भवली. पुढच्या वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीनें सोजिरांकडून घरांच्या झडत्या घेतल्या, सामान बाहेर काढविलें, माणसांना वेगळें नेलें. रोगप्रतिबंधाचा हेतु कितीही योग्य असला, तरी तो बुटांच्या टापांखालीं घरांत शिरला. २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. त्या प्रकरणाचा एक परिणाम मात्र फारसा बोलला जात नाहीं. स्वच्छता म्हणजे वरून येणारा जुलूम, असा एक संशय त्या पिढीच्या मनांत घर करून बसला. ज्याला लोकांच्या अंगणाबद्दल बोलावयाचें होतें, त्याला आतां हुकुमाखेरीज दुसरी कोणती तरी भाषा शोधणें भाग होतें.

ती भाषा ज्याला सांपडली तो माणूस वऱ्हाडांतलाच निघाला. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परीट कुटुंबांत झाला. लहानपणीं वडील वारले आणि मुलगा मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास आजोळीं वाढला. गुरें राखणें, नांगर धरणें, मोट हांकणें यांत त्याचें तारुण्य गेलें. शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशांत कशी जाते हें त्यानें आजोळच्या घरींच पाहिलें. मुलीच्या बारशाला दारू व मटण देण्याचा रिवाज होता. डेबूजीनें तो मोडून गोड जेवण घातलें. १ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यानें घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें पांघरूण, डोक्यावर मातीचें गाडगें आणि हातांत खराटा, इतकाच त्याचा संसार राहिला. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणूं लागले.

बाबांच्या कार्यक्रमाचा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. गांवांत शिरल्यावर ते प्रथम देवळांत जात नसत. खराटा घेऊन रस्ता झाडावयास लागत. वेडा समजून कांहीं जण हंसत, कांहीं जण ओशाळून मदतीला येत. गटारें मोकळीं होत, उकिरडे हलत. दिवसभर हें चाले, आणि रात्रीं त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभें राही. कीर्तन संपलें, लोक पायां पडावयास धांवले, कीं बाबा पसार! पक्वान्नाचें ताट त्यांनीं स्वीकारलें नाहीं. भाकरतुकडा मागून खाल्ला आणि पुढचें गांव गांठलें. ऋणमोचनच्या यात्रेंत पूर्णेच्या निसरड्या कांठावर लोकांचे हाल होत, तेथें त्यांनीं घाट बांधविला. पंढरीच्या वारींत ते विठ्ठलाच्या गाभाऱ्याऐवजीं चंद्रभागेच्या वाळवंटांत खराट्यासह सांपडत.

त्यांच्या कीर्तनाचें स्वरूपही निराळें होतें. नारदीय कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असतो, वारकरी कीर्तनांत एका अभंगाचें निरूपण असतें. बाबांच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग भरपूर येत, परंतु त्याचा प्राण प्रश्नोत्तरांत होता. अस्सल वऱ्हाडी बोलींत ते समुदायाला प्रश्न विचारीत. देव कुठें असतो? बोकड कापून तो प्रसन्न होतो काय? कर्ज काढून सण कां करतां? पोराला शाळेंत कां घालीत नाहीं? हजारों कंठांतून उत्तर येई, आणि तें उत्तर देतां देतांच श्रोता स्वतःच्या शब्दांत पकडला जाई. सोजिराचा हुकूम जेथें अडला, तेथें हा प्रश्न सहज आंत गेला. कारण विचारणाऱ्याचे हात दुपारपासून त्याच गांवच्या घाणींत होते. सकाळचा खराटा नसता तर रात्रीचें कीर्तन केवळ उपदेश ठरलें असतें, आणि कीर्तन नसतें तर खराटा एका विक्षिप्ताचा छंद ठरला असता.

यांत आणखीही एक गोष्ट होती, आणि तीच सर्वांत खोल आहे. या देशांत झाडू कोणीं धरावा हें जातीनें ठरविलें होतें. कांहींनीं घाण करावी व कांहींनीं ती उचलावी, हा व्यवहार इतका अंगवळणीं पडला होता, कीं त्यांत कोणाला लाज वाटत नसे. बाबांच्या मागून पाटलानें, सावकारानें, मास्तरानें दुपारीं खराटा हातांत घेतला म्हणजे रस्ता तर स्वच्छ होईच. पण तेवढ्या वेळापुरता तो व्यवहारही मोडे. अस्पृश्य यात्रेकरूंसाठीं त्यांनीं पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभारली, आणि १९४९ सालीं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. झाडू आणि ही धर्मशाळा हीं एकाच विचाराचीं दोन रूपें होत.

बाबांच्या या प्रपंचाला पुढें संघटनेचें अंग दिलें तें तुकडोजी महाराजांनीं. त्यांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यांतील यावलीचा. खंजिरी हें त्यांचें वाद्य. तिच्या ठेक्यावर त्यांनीं मराठी आणि हिंदी भजनांनीं गांवेंच्या गांवें जागविलीं. १९३५ सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापन झाला. १९४२ च्या लढ्यांत महाराजांना तुरुंगवास घडला. त्यानंतर गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वऱ्हाड-नागपुरांत खेडोपाडीं पसरल्या. या मंडळांची रामधून म्हणजे पहांटेची फेरी होय. तिच्या आधीं रस्ते झाडावयाचे, सडा घालावयाचा, दारापुढें रांगोळी काढावयाची, आणि मग भजन म्हणत सर्वांनीं मिळून गांव फिरावयाचें. पहांटेच्या अंधारांत जिनें अंगण सारवलें व रांगोळी रेखली ती स्त्री, आणि जो खंजिरी वाजवीत आला तो तरुण, दोघेही एकाच कलाकृतीचे कर्ते ठरले. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांत ग्रामशुद्धि व ग्रामआरोग्य हे विषय आहेत, आणि एका अध्यायाचें नांव ‘ग्रामनिर्माण कला’ असें आहे. गांव घडविणें ही स्वतःच एक कला आहे, हा सिद्धांत त्या नांवांतच सांगून टाकला आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईंत वांद्रें येथें झालेलें गाडगेबाबांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें. तें त्यांचें अखेरचें कीर्तन मानतात. पुढच्याच महिन्यांत, २० डिसेंबर रोजीं, अमरावतीच्या वाटेवर वलगांवनजीक पेढी नदीपाशीं त्यांनीं देह ठेवला. १९६८ सालीं तुकडोजी महाराजही गेले. त्यानंतर हें कार्य शासनानें आपल्या अंगावर घेतलें. २०००-०१ सालीं ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकारानें संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालें. त्यांत गांवागांवांची स्पर्धा लागली, बक्षिसें ठेवलीं गेलीं, आणि अनेक खेड्यांत लोकांनीं खरोखरच अंगमेहनत करून आपलें रूप पालटलें. २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर स्वच्छ भारत अभियान चालू झालें, आणि २०१६ पासून शहरांच्या स्वच्छतेचें क्रमांक लागूं लागले. त्या ओघांत शहरांच्या भिंती रंगल्या. झाडें, पक्षी, पाण्याचा थेंब, चष्मा आणि झाडू यांचीं चित्रें सरकारी कुंपणांवर उमटलीं.

या चित्रांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. रंगविलेल्या भिंतीपाशीं कचरा टाकतांना माणसाचा हात थोडा तरी कचरतो, आणि तरुण चित्रकारांना त्यांतून काम मिळतें. पण इतिहासाच्या उजेडांत पाहिलें म्हणजे एक भय वाटतें. चित्र काढणारा एक, बक्षीस घेणारा दुसरा, पाहणारा तिसरा, आणि पहांटे भिंतीखालचा कचरा उचलणारा चौथा, अशी विभागणी झाली तर आपण पुन्हां मारबतीपाशींच येऊन ठेपलों असें होईल. मारबतींत निदान सारें शहर ओरडतें तरी. तो चौथा माणूस बहुधा अजूनही त्याच जातींतून, बहुधा कंत्राटावर, येतो. आणि भिंतीवरील चित्रांत तो क्वचितच दिसतो. युकेलेसबाईंनीं ज्याचा हात हातांत घेतला तो हाच माणूस. गाडगेबाबांनीं त्याच्यापुढें एक पाऊल टाकलें होतें. त्यांनीं त्याचा खराटाच आपल्या हातांत घेतला, आणि मग तो गांवाच्या हातांत दिला.

नेरसारख्या गांवांना या कलेसाठीं मोठा निधि लागत नाहीं कीं बाहेरून कलावंत आणावा लागत नाहीं. झडत्या म्हणणारे कंठ, खंजिरी जाणणारे हात आणि रांगोळी घालणारीं बोटें तेथें आहेत. अडचण दुसरीकडे आहे. भिंतीवरचें चित्र एकदां काढलें कीं कांहीं वर्षें टिकतें. झाडलेला रस्ता मात्र दुसऱ्या दिवशीं पुन्हां मळतो. वांद्र्याच्या कीर्तनाचा आवाज यंत्रानें सांठवून ठेवला, परंतु त्या आवाजाच्या मागें उभें असलेलें एकावन्न वर्षांचें झाडणें कोणत्याही यंत्रांत सांठविलें गेलें नाहीं. तें सांठवितांही येत नाहीं. तें रोज सकाळीं नव्यानें करावें लागतें, आणि ज्या गांवांत सर्व जण मिळून तें करतील त्याच गांवांत रात्रीचें कीर्तन रंगेल.